बिंबाणू : कॅल्शियम संदेशन व ग्राही

मानवी रक्तातील बिंबाणू (रक्तस्राव थांबविण्यास मदत करणाऱ्या, केंद्रकरहित, अतिसूक्ष्म तबकड्या) रक्तप्रवाहात एरवी निष्क्रिय अवस्थेत वाहत असतात. रक्तवाहिनीच्या भित्तीला इजा होताच ते काही सेकंदांत तेथे चिकटतात, आपला आकार बदलतात, आतील पदार्थ बाहेर टाकतात आणि एकमेकांना बिलगून छिद्र बुजविणारी गुठळी तयार करतात. इजा झाल्याची वार्ता बिंबाणूच्या पृष्ठभागावरील ज्या विशिष्ट प्रथिनांमुळे त्याला कळते त्यांना ‘ग्राही’ म्हणतात. ही वार्ता पृष्ठभागापासून आतील यंत्रणेपर्यंत पोहोचविण्याचे काम मुख्यत्वे कॅल्शियमाच्या मुक्त आयनांकडे (विद्युत् भारित अणूंकडे) असते. कोशिकाद्रवातील या आयनांच्या संहतीत (प्रमाणात) होणाऱ्या, वेळेने व जागेने मर्यादित अशा चढउतारांना कॅल्शियम संदेशन असे म्हणतात. हीच यंत्रणा जखमेतून वाहणारे रक्त थांबविते आणि हीच यंत्रणा अस्थानी कार्यान्वित झाल्यास हृद् रोहिणीत किंवा मेंदूच्या रोहिणीत गुठळी होऊन मृत्यू ओढवतो. त्यामुळे तिच्या अभ्यासाला शरीरक्रियाविज्ञानात आणि औषधिक्रियाविज्ञानात सारखेच महत्त्व आहे.

बिंबाणूंचा व्यास २ ते ३ मायक्रॉन असून निरोगी माणसाच्या रक्तात त्यांची संख्या दर घन मिमी.मध्ये सुमारे १·५ ते ४·५ लाख असते. अस्थिमज्जेतील महाकेंद्रकी कोशिकांच्या कोशिकाद्रवाचे तुकडे पडून ते तयार होतात आणि ७ ते १० दिवस रक्तात राहून मुख्यत्वे प्लीहा व यकृत यांत नष्ट होतात. केंद्रक नसल्यामुळे बिंबाणूला नवीन प्रथिने बनविण्याची क्षमता जवळजवळ नसते. ही त्रुटी वरवर क्षुल्लक वाटली, तरी ॲस्पिरिनासारख्या औषधाची सर्व उपयुक्तता तिच्यावरच आधारलेली आहे, हे पुढे दिसून येईल.

ऐतिहासिक माहिती : इटलीतील तूरिन येथील जी. बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये जिवंत प्राण्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे निरीक्षण करून बिंबाणू हा रक्ताचा स्वतंत्र घटक असल्याचे आणि इजा झालेल्या जागी तो प्रथम चिकटत असल्याचे दाखवून दिले. योगायोगाने पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, लंडन येथे सिडनी रिंगर यांना कॅल्शियमाच्या लवणाशिवाय बेडकाचे हृदय आकुंचन पावत नाही असे आढळून आले. या दोन शोधांचा परस्परसंबंध उलगडण्यास मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली. मधल्या काळात कॅल्शियम हे रक्तक्लथनातील (रक्त साखळण्याच्या क्रियेतील) एक आवश्यक द्रव्य म्हणूनच ओळखले जात होते आणि रक्तपेढीत सायट्रेट घालून रक्त पातळ ठेवण्याची रीत याच ज्ञानावर आधारलेली आहे.

बिंबाणू एकत्र का येतात, या प्रश्नाचे पहिले निश्चित रासायनिक उत्तर नॉर्वेतून मिळाले. तांबड्या कोशिकांमधून बाहेर पडणारा, बिंबाणूंना चिकट बनविणारा पदार्थ म्हणजे ॲडिनोसीन डायफॉस्फेट (यापुढे एडीपी) होय, असे ऑस्लो येथील गार्डर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये सिद्ध केले. लगेच १९६२ मध्ये गुस्टाव्ह बॉर्न यांनी समूहनमापनाची एक साधी पद्धत शोधून काढली. बिंबाणूयुक्त रक्तद्रव गढूळ असतो व त्यातून प्रकाश कमी जातो. एडीपी घालताच बिंबाणूंचे गुच्छ बनतात, द्रव निवळतो व प्रकाश अधिक जाऊ लागतो. हा फरक कागदावर आलेखरूपाने उमटविणारे उपकरण जगातील असंख्य प्रयोगशाळांत गेले. पुढील तीन दशकांत बिंबाणूंविषयी जे ज्ञान मिळाले, त्याचा फार मोठा भाग या एका आलेखातून वाचलेला आहे.

कॅल्शियमाचे मापन : बिंबाणू इतका लहान असतो की, त्यात सूक्ष्म विद्युत् अग्र खुपसून मापन करणे व्यवहारात शक्य नव्हते. ही अडचण रॉजर त्सियन यांनी रसायनशास्त्राच्या साहाय्याने दूर केली. केंब्रिज येथे असताना त्यांनी ‘क्विन-२’ हे अनुस्फुरणशील संयुग तयार केले. ते कॅल्शियमाशी जोडले गेले म्हणजे अधिक प्रकाश देते. मूळ स्वरूपात ते कोशिकापटल ओलांडू शकत नाही. म्हणून त्याचे एस्टर बनवून ते बिंबाणूंबरोबर ठेवतात. एस्टर आत शिरते, आतील एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) त्याचे तुकडे करतात व मूळ संयुग आतच अडकून पडते. टी. जे. रिंक, एस. डब्ल्यू. स्मिथ व त्सियन यांनी १९८२ मध्ये ही युक्ती मानवी बिंबाणूंवर योजून विश्रांत अवस्थेतील मुक्त कॅल्शियमाचे प्रमाण प्रथमच मोजले. क्विन-२ मंद प्रकाश देत असे आणि स्वतःच बरेचसे कॅल्शियम शोषून घेत असल्याने मूळ संदेश दडपला जात असे. १९८५ मध्ये तयार झालेल्या ‘फ्यूरा-२’ या संयुगात हे दोष पुष्कळ कमी झाले. ते ३४० व ३८० नॅनोमीटर अशा दोन तरंगलांबींच्या प्रकाशाने उद्दीपित करून मिळणाऱ्या अनुस्फुरणांचे गुणोत्तर काढले जाते, त्यामुळे संयुग किती प्रमाणात आत गेले यावर निष्कर्ष अवलंबून राहत नाही. त्सियन यांना २००८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र हरित अनुस्फुरक प्रथिनावरील कार्याबद्दल होते.

विश्रांत बिंबाणू : या मापनांवरून असे आढळते की, विश्रांत बिंबाणूच्या कोशिकाद्रवात मुक्त कॅल्शियमाची संहती दर लिटरला सुमारे १०० नॅनोमोल असते, उलट बाहेरील रक्तद्रवात ती सुमारे १·२ मिलिमोल, म्हणजे दहा हजार पटींहून अधिक असते. बिंबाणूचे सरासरी आकारमान ८ घन मायक्रॉन धरून हिशेब केल्यास विश्रांत बिंबाणूत एका क्षणी मुक्त असलेल्या कॅल्शियम आयनांची संख्या पाचशेपेक्षाही कमी भरते. एवढ्या थोड्या आयनांवर कोशिकेचे शांत राहणे अवलंबून असते. याचा अर्थ बिंबाणूत एकूण कॅल्शियम कमी असते असा नव्हे. सघन कणिका नावाच्या पिटिकांत एडीपी, एटीपी व सेरोटोनीन यांच्या बरोबरीने ते मोठ्या प्रमाणात साठविलेले असते. परंतु हा साठा संदेशनासाठी वापरला जात नाही, तो बाहेर टाकण्यासाठी असतो. संदेशनासाठीचा साठा सघन नलिका तंत्र या पटलयुक्त जाळ्यात असतो. इतर कोशिकांतील अंतर्द्रव्य जालिकेशी हे तंत्र समतुल्य आहे.

ही तफावत टिकविण्यासाठी बिंबाणूला सतत ऊर्जा खर्च करावी लागते. सघन नलिकांच्या पटलात एटीपीच्या विघटनाच्या ऊर्जेवर चालणारे कॅल्शियम पंप असतात व ते आयन आत ओढून घेतात. कोशिकापटलातील दुसऱ्या प्रकारचे पंप ते बाहेर फेकतात. निरोगी रक्तवाहिनीचा अंतःस्तरही बिंबाणूंना शांत ठेवण्यात वाटा उचलतो. अंतःस्तरातून स्रवणारे प्रोस्टासायक्लिन (१९७६ मध्ये एस. मोंकाडा, जे. आर. व्हेन व सहकारी यांनी शोधलेले) बिंबाणूवरील आपल्या ग्राहीमार्फत चक्रीय एएमपीचे प्रमाण वाढविते, तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू चक्रीय जीएमपीचे प्रमाण वाढवितो. ही दोन्ही द्रव्ये प्रथिनांचे फॉस्फोरिलीकरण करणाऱ्या एंझाइमांमार्फत कॅल्शियमाच्या मुक्ततेला आळा घालतात. म्हणजे बिंबाणूची निष्क्रियता ही केवळ उद्दीपनाच्या अभावाची स्थिती नसून ती सक्रियपणे राखलेली स्थिती आहे.

ग्राही : बिंबाणूवरील ग्राहींचे ढोबळ मानाने दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गातील ग्राही घन पृष्ठभागाला किंवा दुसऱ्या बिंबाणूला चिकटण्याचे काम करतात व दुसऱ्या वर्गातील ग्राही रक्तात विरघळलेल्या उद्दीपक द्रव्यांना ओळखतात. विभागणी सोयीची असली, तरी ती काटेकोर नाही, कारण चिकटणारे ग्राहीही आत संदेश पाठवितात.

रोहिणीत रक्त वेगाने वाहत असते व भित्तीजवळ त्याचा कातर-दाब मोठा असतो. अशा प्रवाहात बिंबाणूला प्रथम थोपविण्याचे काम ग्लायकोप्रथिन १-ब या ग्राहीचे आहे. इजेमुळे उघड्या पडलेल्या कोलॅजेन तंतूंवर रक्तद्रवातील फोन व्हिलेब्रांट घटक हे लांबलचक प्रथिन पसरते आणि प्रवाहाच्या ओढीने उलगडते. उलगडल्यावरच त्याची पकडीची जागा ग्राहीला सापडते. ही पकड क्षणिक असते; बिंबाणू सुटतो, पुन्हा पकडला जातो व असा गडगडत त्याचा वेग मंदावतो. मग ग्लायकोप्रथिन ६ हा ग्राही थेट कोलॅजेनाशी जोडला जातो आणि कॅल्शियम मुक्त करणारा पहिला बलवान संदेश आत जातो. ग्लायकोप्रथिन १-ब जन्मतः सदोष असणाऱ्या व्यक्तींना दीर्घ रक्तस्राव होतो व त्यांचे बिंबाणू आकाराने मोठे आणि संख्येने कमी असतात. पॅरिस येथील जे. बेर्नार व जे. पी. सूलिए यांनी १९४८ मध्ये वर्णन केलेला हा विकार त्यांच्याच नावांनी ओळखला जातो. या ग्राहीच्या तपासणीसाठी रिस्टोसेटीन हे द्रव्य वापरतात. ते मुळात प्रतिजैविक औषध होते. रुग्णांचे बिंबाणू कमी होऊ लागल्याने ते औषध म्हणून मागे घ्यावे लागले आणि नेमका तोच दोष निदानाच्या कामी आला.

विद्राव्य उद्दीपकांचे ग्राही बहुतेक एकाच घराण्यातील आहेत. त्यांची प्रथिनशृंखला कोशिकापटलातून सात वेळा आरपार जाते व आतील बाजूस ती ‘जी’ प्रथिनांशी संलग्न असते. यांपैकी थ्राँबिनाचा ग्राही विशेष कुतूहलजनक आहे. थ्राँबिन हे हॉर्मोनासारखे ग्राहीत बसणारे द्रव्य नसून प्रथिने तोडणारे एंझाइम आहे. ते ग्राहीला कसे उद्दीपित करते, हे सॅन फ्रॅन्सिस्को येथील शॉन कॉग्लिन व सहकारी यांनी १९९१ मध्ये उलगडले. थ्राँबिन ग्राहीच्या बाहेर आलेल्या टोकाचा तुकडा छाटते. छाटल्यामुळे जे नवे टोक उघडे पडते तेच वळून ग्राहीच्या खाचेत बसते व त्याला चालना देते. ग्राहीची किल्ली ग्राहीलाच बांधलेली असते, थ्राँबिन फक्त तिच्यावरचे झाकण काढते. एकदा छाटलेला ग्राही पुन्हा पूर्ववत होत नाही, त्यामुळे हा संदेश परत घेता येत नाही. मानवी बिंबाणूवर या प्रकारचे दोन ग्राही (पार-१ व पार-४) असून पहिला अल्प थ्राँबिनालाही प्रतिसाद देतो, तर दुसऱ्याला अधिक थ्राँबिन लागते. परंतु त्याचा कॅल्शियम संदेश अधिक काळ टिकतो.

एडीपीसाठीही दोन ग्राही आहेत. त्यांपैकी पी-२-वाय-१ कॅल्शियम मुक्त करतो व आकारबदल घडवितो. दुसरा पी-२-वाय-१२ हा स्वतः कॅल्शियम मुक्त करीत नाही. तो चक्रीय एएमपीची निर्मिती रोखतो आणि इतर मार्गांनी समूहन टिकवून धरतो. क्लोपिडोग्रेल हे औषध याच ग्राहीला निकामी करते. पण ग्राहीचे जनुक हाती आले ते २००१ मध्ये, म्हणजे औषध वापरात येऊन काही वर्षे लोटल्यावर. याखेरीज पी-२-एक्स-१ हा एटीपीने उघडणारा आयन मार्ग आहे. त्याच्यातून बाहेरील कॅल्शियम सेकंदाच्या अल्पांशात थेट आत शिरते. मात्र तो तितक्याच त्वरेने बंदही होतो. थ्राँबॉक्सेन ए-२ (१९७५ मध्ये एम. हॅम्बर्ग, जे. स्व्हेन्सन व बी. सॅम्युएल्सन यांनी शोधलेले), सेरोटोनीन व ॲड्रेनॅलीन यांचेही स्वतंत्र ग्राही आहेत. ॲड्रेनॅलीन एकटे दुर्बळ असले, तरी ते इतर उद्दीपकांचा परिणाम वाढविते.

कॅल्शियमाची मुक्तता व प्रवेश : वेगवेगळ्या ग्राहींपासून निघालेले संदेश फॉस्फोलिपेज सी या एंझाइमापाशी एकत्र येतात. थ्राँबिन, एडीपी व थ्राँबॉक्सेन यांचे ग्राही जी प्रथिनामार्फत त्याचा एक प्रकार कार्यान्वित करतात, तर कोलॅजेनाचा ग्राही टायरोसिनाच्या फॉस्फोरिलीकरणाच्या साखळीतून दुसरा प्रकार कार्यान्वित करतो. हे एंझाइम पटलातील एका अल्पप्रमाण फॉस्फोलिपिडाचे दोन तुकडे करते : इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट व डायग्लिसराइड. पहिला तुकडा पाण्यात विरघळणारा असल्याने कोशिकाद्रवातून सघन नलिकांपर्यंत जातो, तेथील आयन मार्ग उघडतो व साठविलेले कॅल्शियम बाहेर पडते. इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेटाचे हे कार्य एच. स्ट्रेब, आर. एफ. अर्विन, एम. जे. बेरिज व आय. शुल्ट्स यांनी १९८३ मध्ये स्वादुपिंडाच्या कोशिकांत प्रथम दाखविले. दुसरा तुकडा पटलातच राहून प्रथिन कायनेज सी या एंझाइमाला चालना देतो.

नलिकांतील साठा मर्यादित असतो. तो रिकामा होऊ लागला की, बाहेरून कॅल्शियम घेणारे मार्ग उघडतात. परंतु आतील साठा रिता झाल्याची बातमी कोशिकापटलाला कोण देते, हा प्रश्न सुमारे वीस वर्षे अनिर्णित होता. २००५ मध्ये ‘स्टिम-१’ हे प्रथिन साठ्यातील कॅल्शियमाची पातळी जोखते असे आढळले व २००६ मध्ये ‘ओराय-१’ हा कोशिकापटलातील प्रवेशमार्ग ओळखला गेला. साठा घटताच स्टिम-१ चे रेणू एकमेकांजवळ येऊन कोशिकापटलाला भिडतात आणि ओराय-१ चे दार उघडतात. उद्दीपनानंतर कोशिकाद्रवातील संहती काही सेकंदांत विश्रांत पातळीच्या दहापट किंवा त्याहून अधिक होते. एकेका बिंबाणूचे निरीक्षण केले असता ही वाढ सरळ चढत न जाता लाटांसारखी होते असे दिसते. लक्षावधी बिंबाणूंचे एकत्र मापन केल्यावर या लाटा सरासरीत पुसल्या जातात. जुन्या आलेखांवरून काढलेले काही निष्कर्ष त्यामुळे पुन्हा तपासून पाहावे लागले.

परिणाम : वाढलेले कॅल्शियम एकाच वेळी अनेक कामे घडवून आणते. कॅल्मोड्युलीन या प्रथिनाशी संयोग होऊन मायोसिनाच्या फॉस्फोरिलीकरणाला चालना मिळते, सांगाड्यातील तंतू आकुंचन पावतात व चपटी तबकडी गोलसर, काटेरी बनते. कणिका कोशिकापटलाशी एकरूप होऊन एडीपी, सेरोटोनीन, फायब्रिनोजेन इ. पदार्थ बाहेर टाकले जातात. कॅल्शियमावर अवलंबून असलेले फॉस्फोलिपेज ए-२ पटलातून ॲराकिडोनिक अम्ल सोडविते व त्यापासून थ्राँबॉक्सेन ए-२ बनते. बाहेर पडलेले एडीपी व थ्राँबॉक्सेन शेजारच्या बिंबाणूंना जागे करतात आणि एका ठिकाणची चेतना पसरत जाते. थ्राँबॉक्सेन ए-२ पाण्यात सुमारे अर्ध्या मिनिटात निम्मे नष्ट होते, म्हणून हा प्रसार जखमेच्या परिसरापुरताच राहतो. तसे नसते, तर बोटाला झालेल्या जखमेमुळे सर्व शरीरातील रक्त गोठण्याचा धोका उद्‌भवला असता.

समूहनाचा अंतिम टप्पा ग्लायकोप्रथिन २-ब/३-अ (आल्फा-२-ब बीटा-३ इंटेग्रिन) या ग्राहीच्या हाती आहे. प्रत्येक बिंबाणूवर तो सुमारे ८०,००० इतक्या संख्येने असतो. पण विश्रांत अवस्थेत तो वाकलेला, मिटलेला असतो व भोवती फायब्रिनोजेन मुबलक असूनही त्याला पकडत नाही. येथे संदेशाची दिशा उलट होते, आतून बाहेर. कॅल्शियमाने कार्यान्वित होणारे एक प्रथिन ‘रॅप-१’ या आण्विक खटक्याला चालू करते, त्यामुळे टॅलीन हे प्रथिन ग्राहीच्या आतील शेपटाशी जोडले जाते आणि ग्राही ताठ उभा राहून उघडतो. फायब्रिनोजेनाचा रेणू दोन्ही टोकांना सारखा असल्याने तो दोन बिंबाणूंमध्ये पुलासारखा बसतो. कॅल्शियमाने चालू केलेला हा खटका लगेच बंद होऊ पाहतो. तो बंद होऊ न देण्याचे काम पी-२-वाय-१२ करतो. कॅल्शियम मुक्त न करणाऱ्या ग्राहीला रोखून गुठळी का टळते, याचे उत्तर येथे मिळते : आरंभ कॅल्शियमाने होतो, टिकाव एडीपीमुळे धरला जातो.

प्रत्येक क्रियेला कॅल्शियमाची वाढ अपरिहार्य असते असे मात्र नाही. रिंक, ए. सांचेझ व टी. जे. हॅलम यांनी १९८३ मध्ये दाखविले की, डायग्लिसराइड किंवा फोर्बॉल एस्टर दिल्यास कॅल्शियमाची पातळी न वाढताही बिंबाणूंतून स्रवण होते. दोन मार्ग परस्परपूरक आहेत. त्यांपैकी एकालाच सर्व श्रेय देण्याची प्रारंभीची प्रवृत्ती या प्रयोगाने मोडली.

थ्राँबिन व कोलॅजेन ही दोन्ही एकाच वेळी बलवान उद्दीपन देतात तेव्हा काही बिंबाणूंत कॅल्शियमाची पातळी अतिशय वाढते व तशीच राहते. कलकणूंचे कार्य कोलमडते आणि बिंबाणू फुग्यासारखा फुगतो. एरवी पटलाच्या आतील बाजूस राखलेले फॉस्फॅटिडिल सेरीन हे फॉस्फोलिपिड ‘टीएमईएम-१६-एफ’ या प्रथिनामार्फत बाहेरील बाजूस येते. या पृष्ठभागावर रक्तक्लथनाचे घटक कॅल्शियमाच्या मदतीने जमतात व थ्राँबिनाची निर्मिती कित्येक पटींनी वाढते. म्हणजे गुठळीतील सर्व बिंबाणू एकच काम करीत नाहीत; काही एकमेकांना धरून ठेवतात, तर काही क्लथनासाठी पृष्ठभाग पुरवितात.

विकृती : वरील साखळीतील कोणता दुवा किती महत्त्वाचा आहे, हे निसर्गतः आढळणाऱ्या आनुवंशिक विकारांवरून सर्वांत स्पष्टपणे कळते. स्वित्झर्लंडमधील बालरोगतज्ञ ई. ग्लान्त्समान यांनी १९१८ मध्ये वर्णन केलेल्या विकारात बिंबाणूंची संख्या नेहमीप्रमाणे असते, त्यांत कॅल्शियमही वाढते. पण २-ब/३-अ ग्राही नसल्याने किंवा सदोष असल्याने ते एकत्र येत नाहीत. लहानपणापासून नाकातून व हिरड्यांतून रक्तस्राव होतो आणि मुलींना पहिल्या मासिक पाळीच्या वेळी तो प्राणघातक ठरू शकतो. विकार अप्रभावी जनुकामुळे होत असल्याने जवळच्या नात्यात विवाह होणाऱ्या समाजांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. दक्षिण भारतातील काही समूहांचा त्यांत समावेश होतो. स्कॉट लक्षणसमूह या अतिशय विरळ विकारात समूहन बिनतक्रार होते, परंतु फॉस्फॅटिडिल सेरीन बाहेर येत नाही. त्याचे मूळ टीएमईएम-१६-एफ प्रथिनाच्या उत्परिवर्तनात असल्याचे २०१० मध्ये समजले. याच्या उलट स्थिती नॉर्वेत १९८५ मध्ये वर्णिलेल्या स्टॉर्मॉर्केन लक्षणसमूहात असते. त्यात स्टिम-१ सदैव जागे राहते, कॅल्शियम सतत आत झिरपते व बिंबाणू कायम उद्दीपित दिसतात. अशा रुग्णांना गुठळ्यांचा त्रास होईल असा तर्क कोणीही करील. प्रत्यक्षात त्यांच्यात रक्तस्रावाची प्रवृत्ती आढळते. सतत उद्दीपित असलेला बिंबाणू प्रसंगी उपयोगी पडत नाही.

रक्तपेढीतील एक जुना नियमही याच संदर्भात समजून घेता येतो. रक्ताचे बहुतेक घटक थंडीत ठेवतात. बिंबाणू मात्र २०° ते २४° से. तापमानात, सतत हलते ठेवून, साधारणतः पाच दिवसच साठवितात. थंड केलेले बिंबाणू आकार बदलतात आणि रक्तात सोडल्यावर लवकर नाहीसे होतात, असे १९६९ मध्ये निदर्शनास आले. थंडीत कोशिकाद्रवातील कॅल्शियम वाढते व ग्लायकोप्रथिन १-ब चे रेणू एके ठिकाणी गोळा होतात. असे बिंबाणू यकृत ओळखून काढून टाकते. आणखी एक व्यावहारिक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. रक्तगणनेसाठी नमुना ज्या ईडीटीए द्रव्यात घेतात ते कॅल्शियम बांधून टाकते. काही व्यक्तींत त्यामुळे २-ब/३-अ ग्राहीचे रूप पालटते, रक्तातील प्रतिपिंडे त्याला चिकटतात व परीक्षानळीतच बिंबाणूंचे गुच्छ बनतात. यंत्र ते मोजू शकत नाही आणि निरोगी माणसाच्या अहवालात बिंबाणू धोकादायक रीत्या कमी असल्याचे छापले जाते. काचपट्टीवर रक्ताचा लेप पाहणे किंवा सायट्रेटात नमुना घेऊन गणना पुन्हा करणे एवढ्याने उलगडा होतो. हे न केल्यामुळे अनावश्यक उपचार झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्‌मयात आहेत.

औषधे : हृद् रोहिणीतील वसायुक्त थर फुटला म्हणजे बिंबाणू त्याला जखमच समजतात. शरीराला वाचविणारी यंत्रणा येथे रक्ताची वाट बंद करते, म्हणून तिला काही प्रमाणात आवर घालणे हा उपचार ठरतो. ॲस्पिरीन थ्राँबॉक्सेन बनविणाऱ्या सायक्लो-ऑक्सिजनेज एंझाइमाला कायमचे निकामी करते (या औषधाच्या क्रियेचा मूळ शोध जे. आर. व्हेन यांनी १९७१ मध्ये लावला). अंतःस्तराच्या कोशिका नवे एंझाइम बनवून घेतात. केंद्रकरहित बिंबाणूला ते शक्य नसल्याने तो आयुष्यभर थ्राँबॉक्सेनाविना राहतो. म्हणून ७५ ते १०० मिग्रॅ. इतकी अल्प दैनिक मात्रा पुरेशी होते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या चाचणीत हृदयविकाराच्या तीव्र झटक्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांचा समावेश होता. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेल्या मृत्यूंचे प्रमाण ॲस्पिरीन न घेणाऱ्यांत ११·८ टक्के, तर घेणाऱ्यांत ९·४ टक्के होते. इतक्या स्वस्त औषधाने इतका लाभ झाल्याची उदाहरणे वैद्यकात थोडी आहेत.

क्लोपिडोग्रेल यकृतात रूपांतरित झाल्यावरच क्रियाशील बनते. हे रूपांतर करणाऱ्या एंझाइमाचे दुर्बळ आनुवंशिक प्रकार आशियाई लोकांत यूरोपीय लोकांपेक्षा अधिक आढळतात व अशा रुग्णांत औषधाचा परिणाम कमी पडू शकतो. प्रासुग्रेल व टिकाग्रेलॉर ही नंतरची औषधे या उणिवेपासून बऱ्याच अंशी मुक्त आहेत. मात्र त्यांच्यामुळे रक्तस्राव अधिक होतो. २००१ च्या एका मोठ्या चाचणीत ॲस्पिरिनाच्या जोडीला क्लोपिडोग्रेल दिल्यावर हृदयविकारजन्य मृत्यू, झटका व पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण ११·४ वरून ९·३ टक्क्यांवर आले, परंतु मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण २·७ वरून ३·७ टक्क्यांवर गेले. थ्राँबिनाच्या पार-१ ग्राहीला रोखणाऱ्या व्होरापॅक्सार या औषधाला अमेरिकेत २०१४ मध्ये परवानगी मिळाली. पण पूर्वी पक्षाघात झालेल्यांत मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असल्याने त्यांना ते वर्ज्य आहे.

२-ब/३-अ ग्राहीचे रोधक ही सर्वांत प्रभावी औषधे असून त्यांपैकी टायरोफिबानाच्या रचनेचे मूळ फुरशाच्या विषात आहे. कोकणात विपुल असलेल्या या सापाच्या विषातील एकिस्टॅटीन हे ४९ ॲमिनो अम्लांचे लहान प्रथिन फायब्रिनोजेनाची जागा बळकावते. त्यातील आर्जिनीन, ग्लायसीन व ॲस्पार्टिक अम्ल या तीन घटकांच्या क्रमावरून रसायनशास्त्रज्ञांनी लहान रेणू घडविला. (फुरसे चावल्यावर होणारा रक्तस्राव मुख्यतः विषातील इतर घटकांनी रक्तातील क्लथनद्रव्ये खर्ची पडल्यामुळे होतो, हे येथे नमूद करावयास हवे.) शिरेवाटे रुग्णालयात दिलेली ही औषधे उपयुक्त ठरली. तोंडाने घेण्याची, तशाच क्रियेची औषधे मात्र चाचण्यांत सपशेल अयशस्वी झाली. त्यांनी मृत्यूंचे प्रमाण उलट वाढविले. रोधक स्वतः ग्राहीत बसताना त्याला अंशतः उघडत असावा, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

निरोगी वृद्धांनी खबरदारी म्हणून रोज ॲस्पिरीन घ्यावे की नाही, याविषयी पुष्कळ काळ मतभेद होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील ‘ॲस्प्री’ चाचणीत १९,११४ वृद्ध व्यक्तींना रोज १०० मिग्रॅ. ॲस्पिरीन किंवा तसेच दिसणारे निष्क्रिय औषध देण्यात आले. हृदयविकार लक्षणीय प्रमाणात घटला नाही, मोठा रक्तस्राव मात्र वाढला. ज्यांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला आहे अशांना हा निष्कर्ष लागू नाही व त्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय औषध बंद करणे घातक ठरते. गुठळी रोखूनही जखमेतील रक्तस्राव वाढविणार नाही, असे औषध शोधण्याच्या दृष्टीने पार-४ व ग्लायकोप्रथिन ६ या ग्राहींच्या रोधकांवर अलीकडे चाचण्या करण्यात आल्या आहेत. ग्लायकोप्रथिन ६ चा जन्मजात अभाव असलेल्या व्यक्तींत रक्तस्राव बहुधा सौम्य असतो, या निरीक्षणामुळे त्या ग्राहीकडे संशोधकांचे विशेष लक्ष वेधले गेले आहे.